भुसावळहून गोल फेरी: एकच सर्क्युलर तिकीट काढा

भाऊ, भुसावळ–इटारसी–भोपाळ–उज्जैन–रतलाम–वडोदरा–सुरत–नंदुरबार–जळगाव–भुसावळ अशी फेरी असेल तर सुटी तिकिटं काढू नका. अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, तुकड्यांत तो फायदा जातो. सर्क्युलर तिकिटावर जास्तीत जास्त 8 ठिकाणी उतरता येतं. उतरण्याची स्टेशनं क्रमाने लिहून आधी भुसावळच्या वाणिज्य विभागात अर्ज द्या. ते तिकीट म्हणजे बर्थ नव्हे, हे नवखे हमखास विसरतात! प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं करावं लागतं, आणि ते 60 दिवस आधीच उघडतं. सुरतेला मात्र जपून: ताप्ती लाइनच्या, म्हणजे सुरत–नंदुरबार–जळगाव मार्गाच्या, काही गाड्या सुरतेहून नव्हे तर जवळच्या उधना स्टेशनहून सुटतात. गाडी बदलायला तिथे किमान तीन तास ठेवाच.