मज्जारज्जूची इजा, वेदना आणि शरीरातील चरबी

प्रश्न : मज्जारज्जूला इजा झाल्यापासून माझा भाऊ व्हीलचेअरवर आहे. पायांत संवेदना नसूनही तिथे सतत आग होते. पोट सुटले आहे, पण वजन पूर्वीइतकेच आहे. आहार बदलल्याने वेदना कमी होईल का?

उत्तर : ही आग खरी असते, इजा झालेल्या चेतासंस्थेतून मेंदूकडे चुकीचे संदेश जात राहतात म्हणून ती जाणवते, तेव्हा घरच्यांनी तिला मनाचे खेळ समजू नये. वजनकाट्यावर मात्र विसंबू नका. इजेखालचे स्नायू झिजतात आणि चरबी वाढते, त्यामुळे आकडा तोच राहिला तरी शरीर बदललेले असते. म्हणूनच अशा व्यक्तींचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) 22 च्या वर गेला तरी अनेक तज्ज्ञ लठ्ठपणा मानतात. पोटातील चरबी दाह (म्हणजे आग नव्हे, तर शरीरात आतून येणारी सूज, इन्फ्लमेशन) वाढवणारी रसायने रक्तात सोडते आणि दाहामुळे वेदनावाहक चेतातंतू अधिक संवेदनशील होतात. 12 आठवड्यांच्या एका छोट्या अभ्यासात दाह कमी करणारा आहार आणि पूरके (सप्लिमेंट्स) घेणाऱ्यांची चेतावेदना, म्हणजे चेतासंस्थेच्या इजेमुळे होणारी अशी वेदना, काहीशी कमी झाली. आहार औषधाची जागा घेणार नाही, पण औषधाच्या जोडीला साखर आणि तळलेले पदार्थ कमी करून भाज्या, फळे, कडधान्ये वाढवणे मी जरूर सुचवेन. प्रथिने कमी करू नयेत, कारण ती कमी पडली तर एकाच जागी दाब येऊन झालेल्या जखमा लवकर भरत नाहीत. वजन वाढले की खुर्ची ढकलताना आणि खुर्चीतून पलंगावर सरकताना खांद्यांवर ताण येतो आणि नवी दुखणी सुरू होतात. चेतावेदनेवर दिल्या जाणाऱ्या प्रेगाबालिनसारख्या औषधानेही वजन वाढू शकते; तसे वाटल्यास डॉक्टरांशी बोला, पण ते परस्पर बंद करू नका.