बिलाच्या वादात गोदामात अडकलेला माल

प्रश्न : लालबागला माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. जागा अपुरी पडू लागल्याने जानेवारीपासून साठवण, पॅकिंग आणि कुरिअरने रवानगी हे सारे काम भिवंडीतील एका गोदाम-कंपनीकडे सोपवले. जुलैमध्ये गोदामात पाणी शिरून माझी 38 खोकी भिजली. त्यांची किंमत, 54,000 रुपये, मी बिलातून वजा केली. आता ती रक्कम भरल्याशिवाय उरलेली 420 खोकी सोडणार नाही, असे ते म्हणतात. हा माल सुमारे 6 लाखांचा आहे आणि गणपतीच्या ऑर्डरी खोळंबल्या आहेत. त्यांना असा माल अडवता येतो का?

उत्तर : आपण मालाचा ताबा दिला आहे, मालकी नव्हे. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 148 प्रमाणे हा निक्षेप आहे, म्हणजे ठरलेल्या कामासाठी माल सोपवायचा आणि काम झाल्यावर तो परत किंवा मालक सांगेल तसा द्यायचा. येणे बाकी आहे म्हणून असा माल रोखून धरण्याच्या हक्काला धारणाधिकार म्हणतात आणि तो गोदामवाल्याला सरसकट मिळत नाही. कोणत्याही जुन्या बाकीसाठी माल धरून ठेवण्याची मुभा कलम 171 ने बँका, फॅक्टर (मालकाच्या वतीने माल ताब्यात घेऊन विकणारे दलाल), धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयातील वकील आणि विमा दलाल यांनाच दिली आहे; इतरांना ती करारात स्पष्ट लिहिली असेल तरच मिळते. कलम 170 खालील हक्क त्याहून मर्यादित आहे : मालावर श्रम वा कौशल्य वापरले असेल, तर त्या मजुरीपुरताच तो मिळतो. तेथे कायद्यानेच दिलेले उदाहरण हिऱ्याचे आहे : कच्चा हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्याला तोच हिरा ठेवून घेता येतो. आपल्या मालावर नुसती साठवण झाली असेल तर तेथे असे श्रम वा कौशल्य दाखवणे कंपनीला कठीण जाईल. पॅकिंगबद्दल ती दावा करू शकेल, पण तोही ज्या खोक्यांचे पॅकिंग केले त्यांच्यापुरता आणि त्याच मजुरीपुरता.

म्हणून आधी करार काढून ओळ न् ओळ वाचावा. ‘लिएन’ (धारणाधिकाराचे इंग्रजी नाव) हा शब्द कधी दरपत्रकाच्या मागच्या बारीक अक्षरांत, तर कधी ऑनलाइन मान्य केलेल्या अटींत असतो. तशी अट असेल तर कंपनीची बाजू बरीच भक्कम होते, हे मी लपवणार नाही.

भिजलेल्या मालाबाबत मात्र आपली बाजू चांगली आहे. कलम 151 प्रमाणे सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी कंपनीने घेणे बंधनकारक आहे, आणि ती घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार न्यायालये कंपनीवरच टाकतात. जुलैत भिवंडीला पाणी साचणे ही अनपेक्षित आपत्ती म्हणता येणार नाही. खोकी लाकडी पॅलेटवर होती की थेट फरशीवर, खालच्या थरालाच पाण्याची रेघ दिसते का, हे दाखवणारे फोटो आणि माल जमा केल्याच्या पावत्या आजच वेगळ्या काढून ठेवाव्यात. भरपाईवर प्रति खोके मर्यादा घालणारी अट आहे का, तेही पाहावे.

आपले एक पाऊल मला पटत नाही. नुकसानीचा आकडा स्वतःच ठरवून तो बिलातून कापण्याचा हक्क करारात नसेल, तर कंपनी आपल्यालाच थकबाकीदार ठरवू शकते.

आता वकिलामार्फत लेखी मागणी पाठवावी. ती महत्त्वाची आहे, कारण ठेवलेला माल परत मिळवण्याच्या दाव्याची 3 वर्षांची मुदत मागणीनंतर मिळालेल्या नकाराच्या तारखेपासून मोजली जाते. करारात लवादाची अट असेल तर लवाद कायदा, 1996 च्या कलम 9 खाली माल सोडण्याचा किंवा सुरक्षित ठेवण्याचा अंतरिम आदेश न्यायालयाकडे मागता येतो. अट नसेल तर वाद 3 लाखांहून मोठा असल्याने तो वाणिज्यिक न्यायालयात जाईल. तेथे दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ते स्पष्ट केले आहे; मात्र तातडीचा अंतरिम दिलासा खरोखर हवा असेल तर थेट दाखल होता येते. मुदत उलटली की विकता न येणारा मसाला हे तातडीचे सबळ कारण आहे, म्हणून अर्जात प्रत्येक बॅचची मुदत तारखेनिशी लिहावी. पोलिसांत जाण्याची घाई करू नये. गोदामचालकाने केलेल्या फौजदारी विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण त्यासाठी अप्रामाणिक हेतू दिसावा लागतो आणि नुसत्या बिलाच्या वादात तो दिसत नाही. आपला माल परस्पर विकल्याचे कळले, तर गोष्ट वेगळी.

तरीही 54,000 रुपयांसाठी 6 लाखांचा माल आणि गणपतीचा हंगाम पणाला लावू नये, असे मला मनापासून वाटते. ती रक्कम ‘हक्क राखून’, म्हणजे भरपाईचा दावा सोडलेला नाही असे सांगून, भरावी, तसे त्याच दिवशी ईमेलने कळवावे आणि खोकी मोजून ताब्यात घ्यावीत. मोजणीत काही कमी भरले किंवा ओल लागलेली दिसली, तर गेटपासवर तेथेच नोंद करावी. माल सोडताना ‘आता कोणतीही तक्रार उरली नाही’ असा छापील कागद पुढे केला जाईल. त्यावर सही करू नये.