फ्लेमिंगोचा राजहंस आणि अडईचं आजोळ

श्रीवर्धनच्या एका वाचकांनी विचारलंय, फ्लेमिंगोला मराठीत राजहंस म्हणायचं का, आणि शास्त्रीय वर्गीकरणात तो बदकांच्या कुळात येतो का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असंच. तो रोहित, हवं तर अग्निपंख. हंस-बदकांचं कुळ अ‍ॅनॅटिडी. रोहिताचं त्यांच्याशी घरचं नातं नाही, त्याची जवळची भावकी टिबुकलीची, म्हणजे त्या छोट्या बुड्या मारणाऱ्या पाणपक्ष्याची. तरी दर हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत ‘गुलाबी राजहंस आले’ हे ऐकून कान किटले.

पाप कोशकारांचंही आहे. संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर-विल्यम्स यांनी ‘हंस’ या एका शब्दापुढे गूज, स्वान, फ्लेमिंगो सगळेच बसवले. अमरकोशातला राजहंस पांढरा, तांबड्या चोचीचा नि पायांचा. एवढ्यावर रोहिताला गादी द्यायची? तो वीण करतो कच्छच्या रणात. काव्यातल्या राजहंसासारखी मानसरोवराची वाट धरणारा तो कसा? हिमालय ओलांडून तिबेटात वीण करणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला अ‍ॅन्सर इंडिकस हाच माझ्या लेखी राजहंस. आता हंस, लॅटिन अ‍ॅन्सर, जर्मन गान्स एकाच मुळाचे, हे कुणीही सांगेल.

खरी गंमत बदकात आहे. ‘बदक’ फारसीकडून आलं, ते सोडा. शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ साली बदकं, हंस सगळे ज्या ‘अ‍ॅनस’ प्रजातीत कोंबले, ते लॅटिन अ‍ॅनस (अर्थ बदक) म्हणजे आपल्या वैदिक ‘आति’चं, त्या पाणपक्ष्याच्या नावाचं भावंड! ऋग्वेदात पुरूरवा-उर्वशी संवादात अप्सरांना आतींची उपमा आहे. शतपथ ब्राह्मणात त्या आति होऊन तळ्यात पोहतात. आतिचीच रूपं आटि, आडि. वसिष्ठ आडी आणि विश्वामित्र बगळा होऊन झुंजले, ते पुराणातलं आडीबक युद्ध.

आणि आपल्याकडे तिन्हीसांजेला शीळ घालत भाताच्या खाचरांकडे जाणारी तांबूस पिंगट अडई, ते रानबदक? माझं ठाम मत, ही ती आडीच. ‘आवाजावरून पडलेलं नाव’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एकदा तळ्याकाठी बसावं. ती बारीक ‘सी-सिक्’ करते, त्यात ‘ड’ कुठून काढणार?

निसर्ग अभ्यासक हॉर्सफील्डनं १८२१ साली तिला अ‍ॅनस जावानिका म्हटलं होतं, म्हणजे नकळत का होईना, माहेरच्याच नावानं. पुढच्यांनी तिला डेंड्रोसिग्नात घातलं. अर्थ काय, तर झाडावरचा हंस. ती ढोलीत अंडी घालते ना! मराठीत आतिचं नाव जिच्याकडे टिकलं, नेमकी तीच अ‍ॅनसमधून बाहेर.