रायझरचं गणित करताना प्रवाहाला हलकं समजू नकोस

रायझर म्हणजे समुद्रतळावरच्या विहिरीपासून वरच्या ड्रिलिंग जहाजापर्यंत येणारा लांब पाइप. लाटा डोळ्यांना दिसतात म्हणून नवशिक्यांचं सगळं लक्ष तिकडेच जातं. पण लाटेचा जोर खोलीबरोबर ओसरतो. प्रवाह मात्र शेकडो मीटर खोलपर्यंत रायझरला रेटत राहतो. वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. त्याने रायझर धनुष्यासारखा वाकतो आणि खालच्या फ्लेक्स जॉइंटचा, म्हणजे तळाशी असलेल्या लवचीक सांध्याचा, कोन वाढतो. तो कोन सतत बघत जा, कारण तिथेच फिरता ड्रिल पाइप आतून घासतो.

मला जास्त काळजी वाटते ती भोवऱ्यांची. रायझरमागे पाण्यात ते आलटूनपालटून सुटतात आणि रायझर आडवा थरथरतो. वारंवारता ढोबळमानाने काढायची तर वेग भागिले व्यास, गुणिले 0.2. 21 इंची रायझर आणि सेकंदाला 1 मीटर प्रवाह धर: पावणेतीन सेकंदांना एक हेलकावा, म्हणजे दिवसाला सुमारे 32 हजार! ही वारंवारता रायझरच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली, की वेल्डला थकव्याच्या चिरा पडायला वेळ लागत नाही. रायझर वरून ओढून धरणारा ताण वाढवलास तर नैसर्गिक वारंवारता वर सरकते, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. फेअरिंग, म्हणजे पाणी अलगद मागे सरकू देणारी निमुळती आवरणं, बसवता आले तर उत्तम. रायझरभोवती गुंडाळलेल्या सर्पिल पट्ट्या थरथर कमी करतात, मात्र प्रवाहाचा रेटा वाढवतात.

आणि हो, फक्त पृष्ठभागावरचा वेग घेऊन गणित करू नकोस. प्रत्येक खोलीचा वेग माग.