विचारा तर खरं : वर्गाला नावं लागतात, बाकं रिकामी राहतात

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात निरंतर शिक्षणाचे टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), संगणक आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग बरीच वर्षं चालतात. प्रवेश होतात, पण महिनाभरात निम्मे गायब. संस्थाचालक म्हणतात, 'एआय'चा अभ्यासक्रम आणा. विद्यापीठातल्या वरिष्ठांपुढे प्रस्ताव ठेवायचा आहे. काय मागू?
— एक उपप्राचार्य, नागपूर

उत्तर : सर, एआयचा अभ्यासक्रम जरूर आणा. पण तो दुपारी साडेअकराला ठेवलात तर त्याचीही बाकं रिकामीच राहतील.

१ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला आणि त्या पावसाळ्यात इतवारी-गांधीबागेतले मुनीम आमच्या विभागाच्या पायऱ्या चढू लागले. चाळिशी-पन्नाशीतली, खातेवहीत मुरलेली माणसं. त्यांना पदविका नको होती. जीएसटीचं ३-बी विवरणपत्र कसं भरायचं आणि शेठजींनी दुपारी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच हवं होतं. आमचा अभ्यासक्रम मात्र सहा महिन्यांचा, आणि सुरुवात लेखाशास्त्राच्या व्याख्येपासून. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मॅडम, जमा-नावे आमच्या बापानंच शिकवलं, तुम्ही ते पोर्टल उघडा न!" उघडलं. मग वेळेचा प्रश्न. शटर पडायचं रात्री आठला, म्हणून वर्ग साडेआठला, तोही इतवारीतच, एका शाळेची खोली मागून. अभ्यासक्रम दोन बैठकांत मंजूर झाला. शिपायाच्या जादा कामाच्या भत्त्याची फाइल मात्र दिवाळीपर्यंत फिरत होती. सांगायचं कारण हे की, वरिष्ठांकडून सगळ्यात आधी ही फाइल सोपी करून मागा. रात्री इमारत उघडी ठेवायचा, बाहेर खोली घ्यायचा आणि मानधन महिन्याच्या महिन्याला द्यायचा अधिकार विभागप्रमुखाला मिळाला, की अर्धं काम झालं.

प्रस्ताव लिहायच्या आधी मधेच सोडून गेलेल्यांना फोन करा. अभिप्रायाचे छापील फॉर्म नकोत, त्यात सगळे 'उत्तम'वर खूण करतात. हिंगणा एमआयडीसीतला मुलगा सांगेल की त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. अशांसाठी तोच धडा सकाळी आणि संध्याकाळी दोनदा घ्यावा लागतो. ज्याला जी वेळ जमेल त्या वेळी त्यानं यावं. लोकमान्य नगरहून मेट्रो असल्यामुळे सीताबर्डीला येणं आता अवघड नाही, पण शेवटची गाडी चुकणार असेल तर मुली वर्ग अर्ध्यावर सोडतात. वेळापत्रक करताना मेट्रोचं वेळापत्रक शेजारी ठेवा. आणि परीक्षा वर्षातून एकदाच, तीही मार्चअखेरीस? हिशेब लिहिणाऱ्या माणसाला त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते, बाप्पा!

दुसरी मागणी श्रेयांकांची, म्हणजे शिकलेल्या तासांबद्दल मिळणाऱ्या क्रेडिट्सची. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात साधारण ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक धरतात, आणि त्या तासांत घरचा अभ्यास आणि प्रत्यक्ष कामही येतं. म्हणजे तुमचा टॅलीचा वर्ग ६० तासांचा, दोन श्रेयांकांचा करता येईल. अभ्यासक्रम विद्यापीठाच्या विद्वत परिषदेतून रीतसर मंजूर करून घ्या आणि मिळालेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात संस्थेनं चढवायचे, हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. श्रेयांक जमा ठेवणारी ही ऑनलाइन बँक २०२१ पासून आहे, श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत टिकतात. आज टॅली शिकलेली पोरगी उद्या पदवीला आली, तर तिची ही मेहनत मोजली जायची वाट उघडी राहते. नुसतं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र देऊन तिला काय मिळणार?

आणि हो, यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी असे वर्षातून दोन प्रवेश घ्यायची मुभा दिली आहे. सक्ती नाही, म्हणून कुणी हात लावत नाही. तुम्ही निदान लहान अभ्यासक्रमांसाठी मागून पाहा. 'हे आमच्या अखत्यारीत नाही' असं ऐकावं लागलंच, तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ याच कामासाठी आहे, एवढं नम्रपणे सांगा.

प्रश्न : मॅडम, मी बुटीबोरीला कंपनीत आहे. वय ३६. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं. आता पूर्ण करता येईल का?

उत्तर : येईल की. तुमची दोन्ही वर्षं श्रेयांक बँकेच्या आधीची, तेव्हा ती आपोआप कुठे दिसणार नाहीत. जुन्या गुणपत्रिका घेऊन आधी आपल्याच महाविद्यालयात जा. अभ्यासक्रम बदलला असेल तर कुठले विषय पुन्हा द्यावे लागतील ते लेखी मागा. तोंडी सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. तिथे जमलं नाही तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आहे; इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. दुसऱ्या कुठल्या संस्थेची जाहिरात पाहिलीत तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं आणि त्याच अभ्यासक्रमाचं नाव शोधा, आणि दूरस्थ शिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडी (ब्युरोचा ओळख क्रमांक) स्वतःच काढा. एजंटाला आधारचा ओटीपी देऊ नका.