रंगपेटी: वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात जेल प्लेटबद्दल लिहिलं होतं. ताटात ओतून घट्ट केलेली जिलेटिनची लवचीक लादी, तिच्यावर रोलरने ॲक्रिलिक रंगाचा पातळ थर, वर पानं नाहीतर स्टेन्सिल (आकार कापून काढलेला पातळ पत्रा), आणि मग कागद दाबून उचललेला ठसा. असे ठसे कापून, चिकटवून, त्यांवर लिहून चित्र-रोजनिशीची पानं भरायची. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये निम्मी उन्हाची तक्रार आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

‘बाई, तुम्ही सांगतल्यापरमानं जिलेटिन अन् ग्लिसरीनची प्लेट बनवली. हिवाळ्यात लय मस्त चालली. आता दुपारी पाह्यलं त ताटात नुसतं पाणी! माह्यं काही चुकलं काय?’ (एक वाचक, तालुका दर्यापूर)

तुमचं काहीच चुकलं नाही. पस्तीस अंशांच्या आसपास जिलेटिनचा घट्टपणा सुटतो आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. त्यात खोलीवर टिनाचं छत असेल तर बिचाऱ्या प्लेटने करायचं तरी काय? ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून प्लेट महिनोन् महिने सुकत नाही. उन्हापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. एकोणिसाव्या शतकात हेक्टोग्राफ नावाची नक्कल काढायची पद्धत होती, तीही अशाच जिलेटिन-ग्लिसरीनच्या लादीवर चालायची. शाईने लिहिलेला कागद लादीवर दाबायचा आणि मग कोरे कागद टेकवून एकामागून एक प्रती उचलायच्या. तेव्हा जिनसा जुन्याच आहेत, फक्त त्या थंड मुलखातल्या आहेत.

वाया काही गेलेलं नाही. ते ताट गरम पाण्याच्या परातीत ठेवा आणि सगळं सारखं पातळ होऊ द्या. उकळू मात्र देऊ नका, उकळलं की जिलेटिनची पकड जाते. वर फेस आला तर वर्तमानपत्राच्या पट्टीने एका बाजूला ओढून काढा, नाहीतर प्रत्येक बुडबुड्याचा गोल डाग ठशात उमटतो. हे काम रात्री करा, पहाटेपर्यंत घट्ट होईल. नव्याने करणाऱ्यांसाठी प्रमाण पुन्हा देते: सहा मोठे चमचे जिलेटिन, पाऊण कप ग्लिसरीन, पाऊण कप पाणी. वहीच्या पानाएवढी प्लेट होते.

फ्रिज असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर प्लेट प्लास्टिकमध्ये गुंडाळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घाला आणि डबा माठाखालच्या ओल्या रेतीत दाबून ठेवा. आपली कोरडी हवा इथे कामाला येते, रेती चांगली गार राहते. ठसे सकाळी आठच्या आत काढून घ्या. कूलरच्या खोलीत बसायला हरकत नाही, पण थेट झोतात बसू नका. रोलर फिरवेपर्यंत रंग वाळून प्लेटला धरतो. रंगात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घातले तर थोडा अवधी मिळतो. जास्त घातलं तर ठसा दिवसभर चिकट राहतो.

‘घरी सासूबाई माळकरी आहेत. जिलेटिन हाडांपासून बनतं हे त्यांना कळल्यापासून माझं ताट स्वयंपाकघराबाहेर गेलं आहे. दुसरं काही चालेल का?’ (एक गृहिणी, तालुका मोर्शी)

सासूबाईंचं म्हणणं खरं आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनच काढतात. तुम्ही चायना ग्रास वापरा. किराण्याच्या मोठ्या दुकानात मिळतं, समुद्री शेवाळापासून बनतं, उपवासालाही लोक खातात. दहा ग्रॅम चायना ग्रास अर्धा लिटर पाण्यात भिजवून चांगलं उकळा. हे उकळल्याशिवाय विरघळतच नाही. खाली उतरवून दोन-तीन मोठे चमचे ग्लिसरीन मिसळा आणि ताटात ओता.

याची गंमत अशी की ते घट्ट व्हायला चाळीस अंशांच्या खाली यावं लागतं, पण एकदा घट्ट झालं की पंच्याऐंशीच्या आसपास तापेपर्यंत पुन्हा वितळत नाही. म्हणजे वैशाखात रात्री ओतलं की दुसऱ्या दिवशी भर दुपारीही लादी जागची हलणार नाही. आमच्या भागासाठी मला हेच बरं वाटतं. दोष एकच, ते ठिसूळ आहे. कडक स्टेन्सिल जोरात दाबलं की चीर गेलीच. पानं, दोरा, जाळीचं कापड असं मऊ सामान वापरा आणि चार-पाच दिवसांत बुरशी दिसायला लागली की नवीन करा.

पानांचंच विचाराल तर कपाशीचं पान उन्हाळ्यात मिळत नाही, पण पळसाला नवी पालवी असते. पान उलटं, म्हणजे शिरा खाली करून, रंगावर ठेवा. पहिला कागद दाबून उचला, त्यावर पानाची कोरी आकृती येईल. मग चिमट्याने पान काढा आणि दुसरा कागद दाबा. या दुसऱ्या ठशात शिरेला फुटलेली उपशीर, किड्याने पाडलेलं भोक, देठाजवळचा जाडसरपणा, सगळं उतरतं. पहिला ठसा फेकला तरी चालेल, दुसरा जपा.

‘मी शिक्षक आहे. मुलांसोबत मराठी अक्षरांचे स्टेन्सिल कापले. एक तर अक्षराचं पोट गळून पडतं, आणि रंग भरला की कडेने फुटतो. विकतचे स्टेन्सिल घ्यावेत का?’ (दिग्रस)

घेऊ नका. विकत मिळतात ती फुलपाखरं आणि इंग्रजी सुविचार. तुमच्या मुलांच्या वहीत त्यांचं काय काम?

पोट गळतं ते शिरोरेषेमुळे. व, ब, क यांची पोटं मुळातच बंद असतात. प, म, ष मात्र शिरोरेषा वरून झाकते म्हणून बंद होतात. ‘पाऊस’ कापायला घेतलं की पहिल्याच अक्षराचा आतला तुकडा हातात येतो. उपाय तुमच्या गावात डोळ्यांसमोर आहे. दाळ मिलचं पोतं बघा, जिनिंगमधल्या रुईच्या गाठीवरचा मार्का बघा. पत्र्याच्या छाप्याने मारलेली अक्षरं जागोजागी तुटलेली दिसतील. ती तोड म्हणजे आतला तुकडा बाहेरच्या पत्र्याला धरून ठेवणारी पट्टी. ‘प’ची शिरोरेषा मधोमध गव्हाच्या दाण्याएवढी तोडा आणि ‘व’च्या पोटाला एका बाजूने तेवढीच पट्टी सोडा. अक्षर वाचता येतं, शिवाय त्याला बाजाराच्या दिवसाचा रांगडा तोरा येतो. मुलांना एकदा पोती बघायला न्याच.

कापायला जुने एक्स-रे उत्तम, आणि ते नसलेलं घर सापडणार नाही. जुनी फिल्म कोमट पाण्यात भिजवून वरचा काळा थर खरवडून काढा, खाली स्वच्छ पारदर्शक पत्रा मिळतो. धुतल्याशिवाय वापरू नका, ओला झाला की तो थर रंगात उतरतो. खाली जुनी फरशी ठेवा आणि कटर मोठ्या माणसाच्याच हातात असू द्या.

रंग फुटतो तो बहुतेक वेळा ब्रशमुळे. गादीच्या स्पंजचा तुकडा घ्या, रंगात टेकवा, रद्दीवर दोनदा ठोकून जवळजवळ कोरडा करा आणि मग स्टेन्सिलवर उभा ठोका. घासायचं नाही. जेल प्लेटवर करणार असाल तर आधी रंग लाटा, वर स्टेन्सिल ठेवा आणि कागद दाबा. भोकांमधला रंग निघून येईल. स्टेन्सिल उचलून दुसरा कागद दाबा, आता अक्षरं कोरी आणि भोवती रंग. उचललेल्या स्टेन्सिलला लागलेला रंगही वहीच्या कोपऱ्यात टेकवून घ्या. प्लेटवरचा ठसा आरशातल्यासारखा उलटा येतो, म्हणून अक्षरांचं स्टेन्सिल पालथं ठेवायचं. चाळणीचे रांगोळीचे छापे तर जसेच्या तसे चालतात.

‘आजीचा फोटो प्लेटवरून वहीत उतरवता येतो का?’ (अकरावीतली वाचक, आरमोरी)

येतो. मूळ फोटोला हात लावू नकोस, झेरॉक्स काढ आणि दुकानदाराला गडद काढायला सांग. इंकजेट प्रिंटरवरची, म्हणजे पातळ शाईची प्रत चालत नाही, टोनरची, म्हणजे झेरॉक्सच्या काळ्या भुकटीचीच हवी. प्लेटवर काळा रंग अगदी पातळ लाट, झेरॉक्स लगेच पालथी दाब आणि लगेच उचल. कोऱ्या जागेचा रंग कागदासोबत जातो, टोनरच्या खालचा प्लेटवर राहतो. आजी प्लेटवर दिसायला लागेल. तो रंग पूर्ण वाळू दे, मग वरून पिवळसर किंवा पांढरा रंग लाट आणि साधा कागद दाबून थोडा वेळ थांब. कागद एका कोपऱ्यातून सावकाश सोडव. इथे फोटो दोनदा उलटतो म्हणून शेवटी सुलटाच येतो, आजीच्या नाकातली नथ डावीची उजवीकडे जाणार नाही. गुळगुळीत चकचकीत कागद मात्र प्लेटवर ठेवून विसरू नकोस. तो चिकटतो आणि ओढला की प्लेटचा लचका घेऊन निघतो.

‘रंगवलेली पानं एकमेकांना चिकटतात.’ (वाचक, पुसद)

उन्हाळ्यात ॲक्रिलिक मऊ पडतो, त्यामुळे हे होणारच. लिहून झालेल्या पानावर टाल्कम पावडर अगदी थोडी भुरभुरून मऊ कापडाने पुसून घ्या, किंवा दोन पानांमध्ये बटर पेपर घाला. काही जण मेणबत्ती घासतात, पण मग त्या पानावर पुढे रंग धरत नाही. वही आडवी एकावर एक रचू नका, उभी ठेवा. टिनाखालच्या फळीवर तर नकोच.