निर्यातदाराला सरकारकडून नेमके काय मिळते?

प्रश्न : तासगाव तालुक्यातील आम्ही सहा शेतकरी एकत्र येऊन बेदाणा तयार करतो. आजवर सगळा माल येथील सौद्यांतच विकला. आता आखातातील एका व्यापाऱ्याने नमुने मागवले आहेत. निर्यातीला सरकारी अनुदान मिळते असे ऐकतो. ते धरून भाव ठरवावा काय? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : अनुदान धरून भाव ठरवू नये, हे आधीच स्पष्ट सांगतो. निर्यात केली म्हणून सरकार बक्षीस देते, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यापायी नवे निर्यातदार पहिल्याच वर्षी अडचणीत येतात. आज जे मिळते ते बहुतांशी आपण आधीच भरलेल्या करांची परतफेड असते.

सुरुवात परकीय व्यापार महासंचालनालयाच्या आयात-निर्यात क्रमांकापासून होते. तो पॅनशी जोडलेला असतो, ऑनलाइन मिळतो आणि त्याचे शुल्क 500 रुपये आहे. बेदाण्यासाठी ‘अपेडा’कडे, म्हणजे शेतमाल व प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांच्या निर्यातीला चालना देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, नोंदणी करावी. दर आर्थिक वर्षी वस्तू व सेवा कराचे हमीपत्र भरून दिले, की निर्यातीच्या मालावर तो कर न भरता माल पाठवता येतो. तरीही ट्रकच्या डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, वीजशुल्क, बाजार समितीचा कर असे काही बोजे किमतीत दडून राहतात, कारण त्यांचा परतावा वस्तू व सेवा कराच्या रचनेत मिळत नाही. त्यांची परतफेड करण्यासाठी 1 जानेवारी 2021 पासून ‘रोडटेप’ योजना आहे. तिचा दर प्रत्येक वस्तूसाठी वेगळा असून बहुतेक मालांना तो चार टक्क्यांच्या आतच असतो. शिवाय ही रक्कम रोख हाती येत नाही. ती सीमाशुल्काच्या ऑनलाइन खात्यात जमा होते आणि तिचा उपयोग आयातशुल्क भरण्यासाठीच होतो. आपण काही आयात करणार नसाल, तर या जमेची ऑनलाइन पत्रके करून ती एखाद्या आयातदाराला थोड्या कमी किमतीत विकावी लागतील. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी सीमाशुल्क खात्याकडे द्यायचा अर्ज, भरतानाच हा लाभ हवा असल्याचे नमूद करावे लागते. नवखा माणूस नेमका तेथेच चुकतो, म्हणून आपल्या सीमाशुल्क दलालाला हे आवर्जून विचारा.

माझ्या मते आपल्यासारख्या लहान गटाला खरी गरज आहे ती विम्याची. मुंबईत मुख्यालय असलेले सरकारी निर्यात पत हमी महामंडळ 1957 पासून हे काम करते. परदेशी खरेदीदार दिवाळखोर झाला, त्याने पैसे थकवले, त्याच्या देशात युद्ध पेटले किंवा तेथील सरकारने परकीय चलन बाहेर पाठवण्यावर बंदी घातली, तर तोट्याचा मोठा भाग महामंडळ भरून देते. मात्र माल पाठवण्याआधीच त्या खरेदीदारासाठी पतमर्यादा मंजूर करून घ्यावी लागते आणि पैसे थकताच मुदतीत कळवावे लागते. मालाच्या प्रतीवरून वाद निघाला, तर हा विमा सहसा कामी येत नाही. म्हणून माल पाठवण्यापूर्वीच तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे.

या बाबतीत द्राक्षांचा अनुभव लक्षात ठेवण्याजोगा आहे. 2010 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडला आणि आपल्या बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हाही बागेची नोंदणी आणि नमुन्यांची तपासणी यांवर उभी असलेली ‘ग्रेपनेट’ व्यवस्था अस्तित्वात होती. त्या धक्क्यानंतर तपासावयाच्या रसायनांची यादी अधिक काटेकोर झाली. या तपासणीची पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळा हे मला सरकारी मदतीचे सर्वात मोलाचे रूप वाटते, कारण एका बागेची चूक सगळ्यांच्या नावावर जाऊ नये यासाठी लागणारी यंत्रणा एकटा शेतकरी कधीच उभारू शकला नसता.

प्रश्न : जागतिक व्यापार संघटनेचा निर्यात अनुदानाला विरोध आहे, तर मग आपली ‘रोडटेप’ योजना कशी चालते? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : निर्यात केली म्हणून दिलेले अनुदान आणि मालावर बसलेल्या कराची परतफेड यांत संघटनेचे नियम भेद करतात. परतफेड प्रत्यक्ष बसलेल्या करापेक्षा जास्त नसेल, तर ती अनुदान ठरत नाही. पूर्वीची एमईआयएस ही योजना निर्यातमूल्याच्या ठरावीक टक्क्यांचा लाभ देत असे आणि कर किती बसला याच्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. गरीब देशांना अशा अनुदानाची सवलत होती, पण दरडोई राष्ट्रीय उत्पन्न 1990 च्या किमतींनुसार सलग तीन वर्षे 1,000 डॉलरच्या वर गेल्यामुळे भारताने ती गमावली. अमेरिकेच्या तक्रारीवर 31 ऑक्टोबर 2019 रोजी संघटनेच्या पंचमंडळाने भारताविरुद्ध निर्णय दिला. भारताने अपील केले आणि पुढे 2023 मध्ये दोन्ही देशांनी हा वाद परस्पर संमतीने मिटवला. त्याआधीच एमईआयएस 2020 अखेर बंद करण्यात आली आणि तिच्या जागी करांची परतफेड करणारी ‘रोडटेप’ आली.

प्रश्न : एकीकडे निर्यात वाढवा म्हणतात, दुसरीकडे कांद्यावर बंदी घालतात. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? (कांदा उत्पादक, येवला)

उत्तर : आपला संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात किमान निर्यातमूल्य (त्याखालील भावाने निर्यातीस मनाई), 8 डिसेंबरपासून थेट बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठली तरी शुल्क कायम, सप्टेंबरमध्ये ते 20 टक्के आणि 1 एप्रिल 2025 पासून शून्य, असा हा प्रवास झाला. शहरातील ग्राहकाला कांदा परवडावा, हा हेतू चुकीचा नाही. परंतु बंदी रातोरात लागू होते आणि तिचा भार सौदे आधीच करून बसलेल्या व्यापाऱ्यावर व त्याच्यामार्फत शेतकऱ्यावर पडतो. परदेशी ग्राहक भावातील चढउतार सहन करतो, पण पुरवठाच थांबला, तर तो दुसरीकडे वळतो. बंदी घालायचीच असेल, तर ती आधी जाहीर केलेल्या निकषांवर आणि पुरेशी मुदत देऊन घालावी, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

तोवर आपल्या करारात दोन कलमे असू द्यावीत. भारत सरकारने निर्यात थांबवली, तर विक्रेत्यावर भरपाईची जबाबदारी येणार नाही हे एक, आणि तशा वेळी घेतलेली आगाऊ रक्कम किती दिवसांत परत करायची, हे दुसरे.